जुन्या मण्याच्या दगडाचे नाव रंगावरून ठरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने मणी, माळा आणि उत्खननांत मिळालेले दागिने यांविषयीचे लेख वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात आणि मी ते कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आस्थेने वाचतो. या लेखांतील छायाचित्रांखालच्या ओळी मात्र मला कित्येक वर्षे खटकत आल्या आहेत. मणी तांबडा असला की त्याखाली ‘कार्नेलियन’, निळा असला की ‘लाजवर्द’, हिरवा असला की ‘जेड’ आणि काळ्यावर पांढरा पट्टा असला की ‘ऑनिक्स’ असे बेधडक छापलेले असते. तो दगड कोणी तपासला, कशाने तपासला, की नुसता पाहून ठरवला, याचा कोठे उल्लेख नसतो. भूविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली आणि निवृत्तीनंतर जुने मणी पाहण्याचाच मला छंद जडला, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, गुळगुळीत घासून चकाकी आणलेल्या जुन्या मण्याचा दगड ओळखताना रंग हा सर्वांत दुबळा पुरावा आहे आणि त्याच्याच भरवशावर आपण सर्वांत ठाम विधाने करीत असतो.

तांबड्या मण्याचेच उदाहरण घ्यावे. कार्नेलियन, अकीक, ऑनिक्स आणि जास्पर ही नावे वेगवेगळी असली तरी ही सगळी मंडळी एकाच घरची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या क्वॉर्ट्झची आहेत. या दगडाला सर्वसाधारणपणे कॅल्सेडनी म्हणतात. त्यात समांतर पट्टे असले की आपण त्याला अकीक म्हणतो, एकसारखा तांबूस आणि अर्धपारदर्शक असला की कार्नेलियन म्हणतो, आणि मातीचे व लोहाचे बारीक कण इतके मिसळलेले असले की प्रकाश आरपार जाऊ नये, तेव्हा जास्पर म्हणतो. कार्नेलियनचा तांबडेपणा हा त्यातील लोहसंयुगांचा असतो, आणि तो पुष्कळदा जमिनीतून निघताना नसतोच. पिवळट किंवा तपकिरी दगड भाजला की त्यातील गोएथाइट या पिवळट लोहखनिजाचे हेमेटाइट हे तांबडे लोहखनिज होते आणि दगड लालबुंद होतो, ही युक्ती मणिकारांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. सच्छिद्र कॅल्सेडनी रंगवताही येते. साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात टाकली की आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होऊन दगड काळा होतो, आणि बाजारातला बराचसा ‘काळा ऑनिक्स’ असा तयार झालेला असतो. म्हणजे रंग हा दगडाचा उपजत गुण आहे, हे गृहीतच येथे टिकत नाही. त्यातून तांबडा मणी काचेचाही असू शकतो, गार्नेटचाही असू शकतो आणि पोवळ्याचाही असू शकतो.

आपल्या भाषेतील नावांनी या गोंधळात भरच घातली आहे. ‘गोमेद’ हा शब्द कोणी हेसोनाइट या गार्नेटसाठी वापरतो, कोणी झिरकॉनसाठी, तर कोणी अकीकासाठी. हे तिन्ही दगड रासायनिक दृष्ट्या एकमेकांपासून फार दूरचे आहेत. परंतु केवळ आपल्यालाच दोष देण्याचे कारण नाही. ‘जेड’ या एका नावाखाली जगभर शतकानुशतके दोन भिन्न खनिजे सुखाने नांदत होती. १८६३ मध्ये आलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने रासायनिक पृथक्करण करून त्यांतल्या एकाला जेडाइट असे वेगळे नाव दिले, आणि दुसरे नेफ्राइट हे निराळ्याच कुळातले खनिज असल्याचे स्पष्ट झाले. डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसणारे हे दोन दगड विशिष्ट गुरुत्वाने, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहेत यावरून, मात्र चटकन वेगळे होतात: नेफ्राइटचे सुमारे २.९५ आणि जेडाइटचे सुमारे ३.३.

नजरेने काय ठरवता येते आणि काय येत नाही, हे एका प्रसंगावरून सांगतो. नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला त्यांची २३ तांबड्या मण्यांची जुनी माळ पाहण्यासाठी दिली होती. सगळे मणी लांबट, पिंपाच्या आकाराचे, एकाच छटेचे, आणि सगळे कार्नेलियनचे अशी घरातल्या सर्वांची खात्री होती. खिडकीशी धरून एकेक मणी १० पटींच्या भिंगाखाली फिरवत गेलो. बहुतेक मण्यांच्या आत तांबड्या रंगाचे अस्पष्ट ढग दिसत होते, काहींत केसाइतके बारीक पट्टे होते आणि एक-दोन मण्यांच्या टोकाला वेजाच्या, म्हणजे दोरा ओवण्याच्या भोकाच्या, तोंडाशी टवका उडालेला होता; त्या टवक्याची पृष्ठे शिंपल्यासारखी वळलेली पण मेणासारखी मंद चकाकणारी होती. नंतर जो मणी हाती आला त्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढा एक अगदी गोल खळगा होता, आणि प्रकाश मागून आल्यावर आत वेजाला समांतर ओढल्या गेलेल्या दोन लांबट पोकळ्या दिसल्या. त्या हवेच्या बुडबुड्यांच्या होत्या. कॅल्सेडनीत असे बुडबुडे असत नाहीत. वितळलेली काच नळीसारखी ओढून तिचे तुकडे केले की बुडबुडेही ओढले जातात, आणि वापराने पृष्ठ झिजले की एखादा बुडबुडा उघडा पडून तसा गोल खळगा राहतो. त्या माळेतले चार मणी काचेचे निघाले. ते रंगाला इतके हुबेहूब होते की माळ टेबलावर ठेवल्यावर मला स्वतःला ते पुन्हा ओळखता येईनात.

भिंगाने जे दिसले त्याला दुसरा स्वतंत्र आधार हवा म्हणून मी ते मणी पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेतील कंपने पुढे जाऊ देणाऱ्या पातळ पत्र्याच्या, दोन तुकड्यांमध्ये धरून पाहिले. दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात ठेवले की त्यांतून येणारा प्रकाश जवळजवळ बंद होतो. त्यांच्या मध्ये काचेचा मणी ठेवून फिरवला तर तो काळाच राहतो, फार तर आतील ताणामुळे त्यात सापासारखे उजळ पट्टे हलताना दिसतात. कॅल्सेडनी हा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा गुंता असल्याने तो मणी कसाही फिरवला तरी उजळलेला राहतो. या तपासणीला खर्च जवळजवळ नाही आणि मण्याला इजा मुळीच नाही. मात्र मणी प्रकाश आरपार जाऊ देणारा असला पाहिजे. जास्परसारख्या अपारदर्शक दगडापुढे ही युक्ती निरुपयोगी ठरते.

यापुढची पायरी वजनाची आहे आणि तिच्याविषयी मी जरा रेंगाळून लिहितो, कारण घरी करता येण्याजोगी सर्वांत मोलाची परीक्षा हीच आहे आणि ती चुकवण्याचे मार्गही सर्वांत अधिक आहेत. मणी आधी हवेत तोलावा, मग बारीक धाग्याने पाण्यात टांगून तोलावा, आणि हवेतील वजनाला वजनातील घटीने भागावे, म्हणजे विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, मणी हवेत ५.३० ग्रॅम आणि पाण्यात ३.२७ ग्रॅम भरला, घट २.०३ ग्रॅम झाली आणि उत्तर २.६१ आले. कॅल्सेडनीचे विशिष्ट गुरुत्व २.५८ ते २.६४ यांच्या दरम्यान असते, त्यामुळे हे उत्तर तिला साजेसे आहे. खिडकीच्या काचेसारख्या साध्या काचेचे असते सुमारे २.५, कॅल्साइटचे २.७१ आणि अल्मंडाइन गार्नेटचे ४ च्या आसपास; तेव्हा गार्नेटचा प्रश्न येथेच निकालात निघतो.

पण मण्याला वेज असते, आणि वेजात हवा अडकते. वरच्याच मण्याच्या वेजात ०.०५ घन सेंटिमीटर हवा राहिली तर घट २.०८ ग्रॅम दिसेल, उत्तर २.५५ येईल आणि चांगला कार्नेलियन काचेच्या दिशेने सरकेल. म्हणून मणी दोऱ्यातून मोकळा करावा, पाण्यात साबणाच्या द्रवाचा एखादा थेंब टाकावा आणि मणी पाण्याखालीच हलवून बुडबुडे घालवावेत. दुसरी अडचण लहान मण्यांची आहे. अर्ध्या ग्रॅमच्या मण्याची घट कॅल्सेडनी असल्यास ०.१९ ग्रॅम आणि काच असल्यास ०.२० ग्रॅम भरते. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या दोहोंत निवाडा करू शकत नाही, आणि तरीही कोणी दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहून दिले तर ते उत्तर नव्हे, भास आहे. तिसरे असे की काचेचे विशिष्ट गुरुत्व तिच्या घटकांनुसार बदलते. शिसे घातलेली काच पाहिजे तितकी जड करता येते. त्यामुळे वजनावरून अमुक दगड नाही असे ठामपणे म्हणता येते. अमुकच आहे असे म्हणायला दुसरी साक्ष लागते.

कठिनतेची परीक्षा हा सर्वांना माहीत असलेला उपाय आहे, आणि नेमका त्यालाच माझा विरोध आहे. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये ठरवलेल्या मापनश्रेणीत क्वॉर्ट्झ ७ वर आहे, पोलादी चाकू साधारण साडेपाचवर येतो आणि कॅल्साइट ३ वर. त्यामुळे चाकूने ओरखडा उठला तर दगड कॅल्सेडनी नाही, हे तर्कशास्त्र बिनचूक आहे. परंतु जुन्या मण्याची चकाकी हाच त्याच्या इतिहासाचा एक भाग असतो. कोणत्या भुकटीने तो घासला, तो किती काळ अंगावर वागवला गेला, शेजारच्या मण्याशी घासून त्याची टोके कशी झिजली, हे सगळे त्या पृष्ठावरच लिहिलेले असते. एका संग्रहात मी असा पांढरा मणी पाहिला आहे की ज्याच्या ऐन मध्यावर चाचणीचा खोल चरा होता आणि त्या चऱ्यातून मिळालेली माहिती मात्र कोठेच नोंदलेली नव्हती.

शिवाय कठिनता फसवतेही. शंखजिरे, म्हणजे स्टिएटाइट, नखाने ओरखडता येईल इतके मऊ असते, आणि म्हणूनच त्याचे मणी कापणे व त्यांना वेज पाडणे सोपे जाते. पण तेच मणी सुमारे १००० अंश सेल्सियसला भाजले की त्यांतील टाल्क या मऊ खनिजाचे रूपांतर एन्स्टाटाइट या कठीण खनिजात होते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर सापडणारे पांढरे बारीक मणी पुष्कळदा असे भाजलेल्या शंखजिऱ्याचे असतात. कोणी त्यांवर चाकू चालवून पाहिला आणि ओरखडा न उठल्यामुळे त्यांना शंखजिऱ्याच्या यादीतून बाद केले, तर नियम पाळूनही निर्णय चुकीचा होईल. निळसर-हिरव्या मण्यांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. वरून पिरोजासारखा दिसणारा मणी फेयान्सचा, म्हणजे क्वॉर्ट्झच्या भुकटीवर चकचकीत लेप चढवून भाजलेला असू शकतो. लेप उडालेल्या जागी, विशेषतः वेजाच्या तोंडाशी, भिंगाखाली पांढरी दाणेदार कूस दिसली की खुलासा होतो.

वेजाकडे मी पुनःपुन्हा येतो याला कारण आहे. मण्याचे बाहेरचे अंग घासले जाते, तेल-घामाने माखते, मातीत मुरून पांढुरके पडते. आतली भिंत मात्र बरीचशी जशीच्या तशी राहते. लेनर्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट या दंतविज्ञानातल्या दोघा संशोधकांनी दातांचे साचे घेण्याचे सिलिकोन मण्यांच्या वेजात भरून त्याचे ठसे काढले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वेज कोणत्या छिद्रकाने पाडले हे ओळखण्याची पद्धत रूढ केली. हिऱ्याच्या कणांचा छिद्रक आतल्या भिंतीवर ठळक, सारख्या अंतरावरच्या रेषा सोडतो, तर दगडी छिद्रकाचा व्रण निराळा असतो. १९३५-३६ मध्ये पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधील चान्हुदडो या हडप्पाकालीन स्थळी मण्यांची कार्यशाळा उजेडात आणली. १० सेंटिमीटरहूनही लांब असे कार्नेलियनचे मणी घडवणाऱ्या हडप्पा काळातील कारागिरांचे छिद्रक ज्या विशेष दगडाचे होते, त्याला पुढे मॅके यांच्याच नावावरून अर्नेस्टाइट म्हटले गेले. आधुनिक प्रयोगांत अशा छिद्रकाने कार्नेलियनमध्ये तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढेच वेज पुढे सरकले. ही गती वाचली की एका लांब मण्यामागे किती दिवसांचे श्रम उभे आहेत ते कळते, आणि त्याच्या अंगावर चाकूचे टोक टेकवायला हात धजत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण लेखांतून तो सर्रास पुसला जातो. दगड ओळखणे वेगळे आणि मण्याचे वय ठरवणे वेगळे. मणी कार्नेलियनचा आहे एवढ्यावरून तो हडप्पा काळचा ठरत नाही. तो दगड चार हजार वर्षांपूर्वी घासला गेला आणि आजही घासला जातो. कार्नेलियनवर सोड्यासारख्या क्षाराने नक्षी काढून तो भाजला की पांढऱ्या रेघा कायमच्या उमटतात. या कृतीचे वर्णन मॅके यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. अशा नक्षीचे मणी इराकमधील उर या प्राचीन नगराच्या राजदफनभूमीतही मिळाले आहेत. पण तीच नक्षी पुढच्या अनेक शतकांतही काढली जात होती. वय सांगण्यासाठी मणी कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाला ती नोंद आणि त्याच्या वेजाची धाटणी यांचा आधार घ्यावा लागतो. तो भार एकट्या दगडावर टाकू नये.

तृणमण्याबाबत, म्हणजे अंबर या अश्मीभूत राळेच्या मण्याबाबत, एक दुःखद गोष्ट नोंदवतो. तापवलेली सुई टोचून वास पाहावा, राळेचा सुगंध आला तर तृणमणी खरा, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी तो जुन्या मध्यमण्यावर अमलात आणला. वास राळेचाच आला, मणी खरा निघाला, आणि त्याच्या दर्शनी भागावर काळा डाग कायमचा राहिला. हेच काम पेलाभर पाण्यात भरपूर मीठ विरघळवून झाले असते. तृणमण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०५ ते १.१० असल्याने तो मिठाच्या संपृक्त पाण्यावर तरंगतो, आणि त्याची नक्कल करणारे बेकेलाइट हे प्लास्टिक १.२५ च्या वर असल्याने बुडते. मणी नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडा करावा. मात्र मणी तडकलेला किंवा भुरभुरीत असेल, तर त्याला पाण्यातही घालू नये. तरंगला म्हणून तो तृणमणीच, असेही समजू नये. कोपल नावाची तरुण राळ आणि काही प्लास्टिके तितकीच हलकी असतात.

जेथे घरची साधने थकतात तेथे प्रयोगशाळा आहे, आणि या कामासाठी सर्वांत उपयुक्त तपासणी ज्या शोधावर उभी आहे तो शोध १९२८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी लावला, याचा मला फार अभिमान वाटतो. मण्यावर लेसरचा बारीक झोत टाकून विखुरलेल्या प्रकाशातील बदल मोजला की प्रत्येक खनिजाची स्वतःची खूण उमटते. क्वॉर्ट्झची ठळक खूण दर सेंटिमीटरला ४६४ या तरंगसंख्येजवळ येते, आणि कॅल्सेडनीत बहुधा सोबत असणाऱ्या मोगॅनाइट या खनिजाची ५०२ जवळ. मण्याचा कणही काढावा लागत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीने मूलद्रव्ये कळतात आणि काचेतले शिसे लगेच उघडे पडते. अशी तपासणी करून घ्यायची असेल तर मणी आधी घासून, तेल लावून किंवा आम्लाने उजळून नेऊ नये, आणि वेजातली माती टोकरून काढू नये. कधीकधी छिद्रकाची भुकटी किंवा जुन्या दोऱ्याचा तंतू त्याच मातीत असतो.

संपादक महोदय, आपल्याकडे एवढीच विनंती आहे की जुन्या मण्याचे छायाचित्र छापताना दगडाच्या नावापुढे त्याचा आधार एका वाक्यात द्यावा: ‘भिंगाने पाहून’, ‘विशिष्ट गुरुत्वावरून’, ‘रामन वर्णपटावरून’. तपासणी झालेली नसेल तर ‘तांबडा, अर्धपारदर्शक, लांबट मणी, दगड तपासलेला नाही’ असे लिहावे. अशी ओळ वाचून माझ्यासारख्या वाचकाचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही. ‘कॅल्सेडनी कुळातील दगड’ हे नावही पुष्कळ ठिकाणी पुरेसे आणि अचूक ठरते. कार्नेलियन की जास्पर हा वाद मणी उजेडासमोर धरल्याशिवाय घालण्यात अर्थ नाही. आणि जागा असेल तेथे समोरून घेतलेल्या छायाचित्राबरोबर दुसरे, मागून प्रकाश सोडून घेतलेले, आणि तिसरे वेजाच्या तोंडाचे, अशी छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून छापावीत. त्या माळेतले चार काचेचे मणी समोरून घेतलेल्या छायाचित्रात कोणालाही ओळखता आले नसते; मागून प्रकाश असता तर ते बुडबुडे वाचकाला घरबसल्या दिसले असते.

आपला नम्र,
भूविज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक